सौंसरच्या दगडांतून पृथ्वीचे पोट वाचणारा भूवैज्ञानिक : सर लुईस ली फर्मोर

पांढुर्ण्याचे नाव महाराष्ट्र-गोव्यातील वाचकांना बहुधा गोटमारीमुळे ठाऊक असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दोन गावे एकमेकांवर गोटे फेकतात, त्याची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. संत्र्याच्या बागा, कापूस आणि मराठी बोलणारी वस्ती असलेला हा मध्य प्रदेशाचा दक्षिण कोपरा २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके त्यात आले. भूविज्ञानाच्या जगात मात्र या भागाची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. मध्य भारतातील मँगनीजधारी खडकांच्या एका मोठ्या समूहाला ‘सौंसर समूह’ म्हणतात आणि जगभरच्या विद्यार्थ्यांना ते नाव शिकावे लागते. हे नाव ज्यांच्या कामातून रूढ झाले, ते सर लुईस ली फर्मोर. उष्णता आणि दाब बदलले की पदार्थाची अवस्था कशी पालटते, या रसायनशास्त्रातील प्रश्नाला त्यांनी प्रयोगशाळेच्या बाहेर, थेट पृथ्वीच्या पोटात नेऊन उभे केले.

लंडन ते कलकत्ता

फर्मोर यांचा जन्म १८ सप्टेंबर १८८० रोजी लंडनमध्ये झाला. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खाण आणि धातू यांच्याशी निगडित शिक्षण घेऊन ते १९०२ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या सेवेत रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. कलकत्त्याला मुख्यालय, हिवाळ्यात तंबू-घोड्यासह रानोमाळ भटकंती आणि उन्हाळा लागला की गोळा केलेले नमुने घेऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी परतणे, असा या संस्थेतील अधिकाऱ्यांचा वर्षक्रम असे.

मध्य प्रांतात मँगनीजचे खाणकाम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. पोलाद बनविताना मँगनीज अपरिहार्य असते आणि युरोप-अमेरिकेतील पोलाद कारखान्यांची भूक वाढत होती. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून धनुष्याकृती पसरलेल्या सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात काळ्या खनिजाचे डोंगरच्या डोंगर उघडे पडलेले होते. या साठ्यांचा माग काढून त्यांची नोंद करण्याचे काम तरुण फर्मोर यांच्याकडे आले. या कामामागे साम्राज्याचे व्यापारी हित होते. सर्वेक्षणाचे अहवाल खाण कंपन्यांना उपयोगी पडले आणि खनिज जहाजांतून परदेशी गेले. ज्या गोंड आणि मराठी मजुरांनी ते खणले, डोक्यावर वाहिले, त्यांची नावे अशा ग्रंथांत क्वचितच सापडतात.

या भटकंतीचे फळ म्हणजे १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील मँगनीज साठ्यांवरील त्यांचा ग्रंथ. बाराशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात छिंदवाड्यातील काचीधाना आणि सीतापार यांसारख्या खेड्यांतील साठ्यांची बारकाईने वर्णने आहेत. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली.

गोंडांच्या नावाचा खडक

सौंसर परिसरात मँगनीजसोबत एक चमत्कारिक खडक आढळतो. त्यात गारगोटीच्या कणांमध्ये मँगनीजयुक्त गार्नेटचे, म्हणजे तामड्याच्या एका प्रकाराचे, दाणे ठासून भरलेले असतात. फर्मोर यांनी या भूमीतील गोंड समाजाच्या नावावरून त्याला ‘गोंडाइट’ हे नाव दिले. नाव देऊन ते थांबले नाहीत. हा खडक झाला कसा, हा प्रश्न त्यांनी विचारला.

त्यांचे उत्तर असे होते. अतिप्राचीन काळी पाण्याच्या तळाशी वाळू, चिकणमाती आणि मँगनीजची ऑक्साइडे यांचे थर साचले. पुढे हे थर खोल गाडले गेले, तापले, दाबाखाली आले. जेथे मँगनीजमध्ये माती आणि वाळू मिसळलेली होती, तेथे त्यांच्या संयोगाने गार्नेट तयार झाले. जेथे मुख्यतः वाळूच होती, तेथे ऱ्होडोनाइट हे गुलाबी खनिज बनले. जेथे मँगनीज जवळजवळ शुद्ध होते, तेथे ब्राउनाइटसारखे काळे, जड धातुक उरले. खडक वितळला नाही, तरी घन अवस्थेतच त्याच्या आतील घटकांनी नवी मांडणी केली. कोणत्या ठिकाणी कोणते खनिज निपजेल हे मूळच्या मिश्रणावर, तापमानावर आणि दाबावर ठरले.

रसायनशास्त्रात ‘प्रावस्था-आकृती’ सांगते ती नेमकी हीच गोष्ट. पांढुर्ण्याच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि सकाळी ती उन्हात ठेवावी लागते. गोव्याच्या दमट किनाऱ्यावर तीच बाटली बहुतेक वर्षभर पातळ राहते. तेल तेच, फक्त तापमानाची रेषा ओलांडली जाते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे एकशे वीस अंशांवर उकळते आणि डाळ लवकर शिजते. कागदावर एका बाजूस तापमान व दुसऱ्या बाजूस दाब मांडला, तर पाण्याच्या बर्फ, द्रव आणि वाफ या तीन अवस्थांचे तीन प्रदेश आखता येतात. त्यांच्या सीमारेषांवर दोन अवस्था एकत्र नांदतात. जेथे या रेषा मिळतात तो बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ६११ पास्कल दाबाचा. तेथे बर्फ, पाणी व वाफ तिन्ही एकाच वेळी टिकतात. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात या साऱ्यामागचा नियम गणिताने मांडला. घटक किती आणि प्रावस्था किती हे कळले, की तापमान, दाब व मिश्रण यांपैकी किती गोष्टी मोकळेपणाने बदलता येतील, हे तो नियम सांगतो.

खडकाला हे सूत्र लावणे अवघड होते. पाण्यात एकच घटक असतो; खडकात सिलिका, ॲल्युमिना, लोह, मॅग्नेशियम, चुना असे अनेक. शिवाय पृथ्वीच्या पोटातील दाब त्या काळच्या कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर होता.

गार्नेट नावाचा दाबमापक

गार्नेटचा अभ्यास करताना फर्मोर यांच्या एक गोष्ट ध्यानी आली. एखाद्या खडकाचे रासायनिक पृथक्करण हाती असले, तर त्याच घटकांतून निरनिराळ्या खनिजांचे संच कल्पिता येतात. फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन यांसारख्या नेहमीच्या खनिजांचा एक संच घ्यावा आणि त्याच द्रव्यातून गार्नेट असलेला दुसरा संच घ्यावा. वजन दोन्हींचे सारखेच. परंतु गार्नेटचा संच कमी जागेत मावतो. मग दाब वाढला की निसर्गाचा कल कमी जागा व्यापणाऱ्या मांडणीकडे झुकणार. म्हणून खडकात गार्नेट दिसले, तर तो खडक एकेकाळी मोठ्या दाबाखाली होता, असे मानायला जागा आहे.

हा विचार त्यांनी १९१३ मध्ये सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात एका टिपणातून मांडला. गार्नेट हा भूवैज्ञानिक दाबमापक आहे, असे त्याचे सूत्र होते. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगशाळेतील भट्टीत फेल्डस्पार वितळवून आणि गोठवून त्याची प्रावस्था-आकृती प्रसिद्ध केली. बोवेन यांच्यापाशी भट्टी होती, फर्मोर यांच्यापाशी रानातून आणलेले दगड, रासायनिक पृथक्करणे आणि आकडेमोड.

फर्मोर यांनी पुढचे पाऊल टाकले ते अधिक धाडसाचे होते. बेसाल्टची घनता साधारण ३ असते. त्याच रासायनिक घडणीचा, पण गार्नेटने भरलेला ‘एक्लोजाइट’ हा खडक सुमारे ३.४ ते ३.५ घनतेचा असतो. तर मग पृथ्वीच्या कवचाखाली, जेथे दाब प्रचंड आहे, तेथे अशाच गार्नेटयुक्त जड खडकाचे एक आवरण असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. वरचा भार कमी झाला, तर हे आवरण हलक्या खनिजांत रूपांतरित होऊन फुगेल, प्रसंगी वितळेलही. भार वाढला तर आकसेल. भूपृष्ठाचे उचलणे-खचणे, भूकंप आणि ज्वालामुखी यांचा या रूपांतराशी संबंध असावा, असे त्यांनी १९१४ मध्ये ब्रिटनमधील जिऑलॉजिकल मॅगझिनमध्ये प्रतिपादन केले. घन खडक घनच राहून आपली अवस्था पालटतो आणि त्या पालटाने जमीन हलते, ही कल्पना त्या काळी नवी होती.

या तर्काला लगेच पुरावा मिळणे शक्य नव्हते. काही वर्षांनी, १९२२ मध्ये, नॉर्वेतील व्हिक्टर गोल्डश्मिट यांनीही पृथ्वीच्या पोटात एक्लोजाइटचे आवरण कल्पिले. प्रयोगाने उत्तर मिळायला मात्र फर्मोर यांच्या मृत्यूनंतरची काही वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात योडर आणि टिली यांनी अमेरिकेत, तर रिंगवुड आणि ग्रीन यांनी ऑस्ट्रेलियात बेसाल्टच्या घडणीचे द्रव्य हजार अंशांच्या आसपास तापवून वायुमंडलाच्या दहा हजार पटींहून अधिक दाबाखाली ठेवले. दाब वाढत गेला तसे गार्नेट दिसू लागले आणि पुढे फेल्डस्पार नाहीसा झाला. बेसाल्टचे एक्लोजाइट होते, हे डोळ्यांनी पाहता आले.

तरीही फर्मोर यांचे सारेच खरे ठरले नाही. पृथ्वीच्या कवचाखालचे प्रावरण मुख्यतः एक्लोजाइटचे नसून पेरिडोटाइट या ऑलिव्हिनयुक्त खडकाचे आहे, असे आज मानले जाते. कवच आणि प्रावरण यांच्यातील सीमाही सर्वसाधारणपणे निराळ्या द्रव्यांची सीमा आहे, एकाच द्रव्याच्या दोन प्रावस्थांची नव्हे. परंतु दाबाने खनिजांची मांडणी बदलते आणि त्यावरून पृथ्वीचे अंतरंग समजून घेता येते, ही त्यांची दृष्टी टिकली. सुमारे ४१० आणि ६६० किलोमीटर खोलीवर भूकंपलहरींचा वेग अचानक बदलतो, तो अशाच प्रावस्थांतरामुळे, असे आता शिकविले जाते. समुद्रतळाचे बेसाल्ट खंडाखाली सरकताना एक्लोजाइट बनून जड होते आणि आपल्यामागून उरलेल्या भूपट्टाला खाली ओढते, हेही आज सर्वमान्य आहे.

काळा कातळ आणि जांभा

पांढुर्ण्याकडची काळी जमीन बेसाल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या लाव्ह्याची. तिच्या पूर्वेस, सौंसरच्या बाजूला, या काळ्या कातळाखालून कितीतरी प्राचीन खडक वर डोकावतात. एकाच मुलुखात लाव्हा गोठण्याची आणि घन खडक रूपांतरित होण्याची अशा दोन्ही कहाण्या फर्मोर यांना वाचायला मिळाल्या. छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील लिंगा येथील लाव्ह्याच्या थरांवर त्यांनी सी. एस. फॉक्स यांच्यासह १९१६ मध्ये लेख लिहिला. खानदेशात भुसावळला कोळशाच्या शोधात १,२१७ फूट खोल बोअर घेण्यात आली. कोळसा लागला नाही, पण एकावर एक रचलेले लाव्ह्याचे २९ थर हाती आले. १९२५ मध्ये फर्मोर यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाव्हा थंड होताना जड स्फटिक तळाकडे बसतात आणि एकाच प्रवाहाच्या वरच्या व खालच्या भागाची घडण वेगळी होते, याच्या खुणा त्यांना तेथे दिसल्या. साजूक तूप निवताना रवा तळाशी बसावा, तसाच हा प्रकार.

गोवेकरांच्या घराला लागणाऱ्या चिऱ्यांचा दगड, म्हणजे जांभा, हाही त्यांच्या लेखणीतून सुटला नाही. जांभा कशाला म्हणावे, यावर त्या काळी भूवैज्ञानिकांत मोठा वाद होता. फर्मोर यांनी १९११ मध्ये या प्रश्नावर लेखमाला लिहून जांभ्याची व्याख्या त्याच्या रासायनिक घडणीवरून करण्याचा प्रयत्न केला. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातील सिलिका आणि चुना, सोडा यांसारखी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि कधी मँगनीज यांची जलयुक्त ऑक्साइडे मागे राहतात. त्यांचाच जांभा बनतो. द्रावणांनी मूळ खडकाची जागा घेऊन जांभ्यासारखे जे धातुक तयार होते, त्याला त्यांनी ‘लॅटराइटॉइड’ असे वेगळे नाव दिले. गोव्याच्या डोंगरांतील लोह व मँगनीज या जांभ्याच्या आवरणाशीच निगडित आहे. सौंसरचे मँगनीज उष्णतेने व दाबाने घडले, कोकणपट्टीतील बरेचसे पावसाने. धातू एकच, घडण्याच्या वाटा दोन.

पदे आणि घर

संस्थेतील त्यांची वाटचाल चढती राहिली. १९२१ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे बिग्सबी पदक त्यांना मिळाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९३३ मध्ये पाटण्याला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये भीषण भूकंप झाला तेव्हा संचालकपदी तेच होते आणि संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी त्या आपत्तीची पाहणी केली. भूकंपाच्या कारणांवर वीस वर्षांपूर्वी तर्क मांडणाऱ्या माणसापुढे आता ढिगाऱ्याखाली गेलेली शहरे होती.

१९३५ च्या जानेवारीत कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया स्थापन झाली. देशातील शास्त्रज्ञांत एका अखिल भारतीय अकादमीवरून मतभेद असताना सर्वांना एका छताखाली आणण्याचे काम अवघड होते. तिचे पहिले अध्यक्ष फर्मोर झाले. आज दिल्लीत असलेली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी ती हीच. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि ते निवृत्त झाले.

या यशाची किंमत घराने मोजली. त्यांचा मुलगा पॅट्रिक ली फर्मोर १९१५ मध्ये लंडनमध्ये जन्मला. आई मुलीला घेऊन भारतात परतली आणि तान्हे बाळ इंग्लंडमध्ये एका कुटुंबाकडे राहिले. पुढे आईवडील विभक्त झाले. बापलेकांचा सहवास फारच थोडा घडला. हाच मुलगा १९३३ च्या डिसेंबरात हॉलंडच्या किनाऱ्यावरून निघून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायी गेला आणि इंग्रजीतील थोर प्रवासलेखकांत गणला गेला. पिता सातपुड्याच्या पायथ्याशी दगड फोडीत हिंडला, पुत्र युरोप तुडवीत. दोघांची वाट फारशी कधी जुळली नाही.

पुसली गेलेली नावे

सीतापार या लहानशा गावाने फर्मोर यांना दोन नावे दिली होती. तेथील एका खनिजाला त्यांनी ‘सीतापाराइट’ म्हटले. तेथीलच आणखी एका खनिजाचा अभ्यास करून हर्बर्ट स्मिथ आणि प्रायर यांनी १९१० च्या सुमारास त्याला फर्मोर यांच्या गौरवार्थ ‘फर्मोराइट’ हे नाव दिले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील एका चुंबकीय धातुकाला फर्मोर यांनी आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांचे नाव दिले होते.

प्रावस्थांचा अभ्यास जसजसा सूक्ष्म होत गेला, तसतशी ही नावे गळत गेली. १९४० च्या दशकात ब्रायन मेसन यांनी लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांचा अभ्यास केला. सीतापाराइट हे १८९७ मध्येच अमेरिकेत नोंदविलेले बिक्सबाइट असल्याचे त्यांनी दाखविले. व्रेडेनबर्गाइटचे स्वरूप तर अधिक बोलके निघाले. ऊन असताना ते एकजीव असते. थंड होताना लोह व मँगनीज एकाच स्फटिकात नांदू शकत नाहीत आणि त्यातून जॅकोब्साइट व हाउसमनाइट अशी दोन खनिजे पट्ट्यापट्ट्यांनी विलग होतात. फर्मोर यांनी एक खनिज म्हणून जे हाती घेतले होते, ते घन अवस्थेतच दुभंगलेले दोन पदार्थ होते. २०१० मध्ये खनिजांच्या नामावलीची फेरमांडणी झाली, तेव्हा फर्मोराइट हेही जॉनबॉमाइट या खनिजाचेच निराळ्या स्फटिकरचनेचे रूप ठरले आणि स्वतंत्र खनिजांच्या यादीतून त्यांचे नाव गेले. आंध्रातील कोदुराइट हा खडक थेट शिलारसातून गोठला, असे त्यांनी मानले होते. पुढच्या संशोधकांनी तेही नाकारले.

निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन चालू राहिले. भारताच्या द्वीपकल्पातील अतिप्राचीन खडकांचा परस्परसंबंध जुळविणारा मोठा ग्रंथ त्यांनी याच काळात सिद्ध केला आणि मलायातील खाण उद्योगाची पाहणी करून १९३९ मध्ये अहवाल दिला. २४ मे १९५४ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्वतःचे नाव खनिजांच्या यादीत उरले नाही. त्यांनी या मातीवरून दिलेली नावे राहिली. गोंडाइट आजही गोंडाइटच आहे आणि मध्य भारताच्या भूवैज्ञानिक नकाशावर सौंसर समूहाचा पट्टा छिंदवाड्यापासून बालाघाटपर्यंत आखलेला असतो. सौंसर परिसरातील जुन्या मँगनीज खाणींच्या ढिगाऱ्यांत गोंडाइटचे तुकडे पडलेले असतात. गोट्याएवढा एखादा तुकडा उन्हात धरला, तर त्यात केशरी-तांबूस गार्नेटचे बारीक दाणे लुकलुकताना दिसतात.